कुस्तीचे भाकीत : इंदापूर व बारामती येथील फडांच्या अनुषंगाने

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधोमध बारामती व इंदापूर हे दोन तालुके पसरलेले आहेत. दक्षिणेची सीमा नीरेने आणि इंदापूरच्या बाजूची उत्तरेची सीमा भीमेने आखलेली असून नीरा नरसिंहपूर येथे या दोन्ही नद्यांचा संगम होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात खेळू लागले आणि त्यामागून ऊस आला, साखर कारखाने आले. तरीही बारामतीचा जिरायती पट्टा आजही पावसाकडे डोळे लावून बसतो. अशा या मुलखात चैत्र-वैशाखातील गावोगावच्या जत्रा कुस्तीच्या फडावाचून पुऱ्या होत नाहीत. पालखी, छबिना, तमाशा हे सारे झाल्यावर अखेरच्या दिवशी दुपारी हलगी कडाडू लागली म्हणजे भोवतालच्या दहा-पंधरा गावांची माणसे फडाच्या दिशेने चालू लागतात.

याच दोन तालुक्यांच्या वाट्याला लागोपाठच्या दोन वर्षी एक मोठा मान आला. 'महाराष्ट्र केसरी' या किताबाची कुस्ती २००५ साली इंदापूर येथे झाली व ती सईद चाऊस यांनी जिंकली. पुढच्याच वर्षी, २००६ साली, ती बारामती येथे झाली आणि अमोल बुचडे हे विजेते ठरले. १९६१ साली औरंगाबाद येथे दिनकर दह्यारी यांनी हा किताब पहिल्यांदा मिळविला. तेव्हापासून धुळे, अमरावती, खामगाव, अलिबाग, अकलूज अशा नाना ठिकाणी हे अधिवेशन भरत आले आहे. परंतु शेजारशेजारच्या दोन तालुक्यांच्या गावी ते एकामागून एक भरावे, असे सहसा घडत नाही.

अशा कुस्तीच्या आदल्या रात्री चावडीवर, चहाच्या दुकानात आणि कारखान्याच्या वजनकाट्यापाशी एकच चर्चा चालते : कोण मारणार, कोणत्या डावावर मारणार आणि चितपट न झाल्यास किती गुणांनी मारणार? वर्तमानपत्रेही आपल्या परीने याच प्रश्नांची उत्तरे देतात. ही उत्तरे कितपत विश्वसनीय असतात, ती कोणत्या सामग्रीवर उभी असतात आणि ती मुळातच कोठे डळमळतात, याचे विवेचन करण्याचा हेतू प्रस्तुत लेखामागे आहे.

खेळाच्या निकालाचे भाकीत हा विषय संख्याशास्त्राला नवा नाही, आणि त्याची सर्वांत अधिक मशागत झाली ती फुटबॉलच्या क्षेत्रात. (कुस्ती आणि फुटबॉल यांचे नाते वाटते तितके दूरचे नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार यांसारख्या तालीम मंडळांचेच फुटबॉल संघ झाले आणि तालमीची ईर्षा मैदानावर उतरली.) मरोनी या इंग्रज लेखकाने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या संख्याशास्त्रावरील आपल्या लोकप्रिय पुस्तकात फुटबॉलच्या गोलसंख्येला प्वासाँचे वितरण लावून पाहिले. त्यानंतर १९८२ साली माहेर यांनी आणि १९९७ साली डिक्सन व कोल्स यांनी प्रत्येक संघाची चढाईची ताकद आणि बचावाची ताकद स्वतंत्रपणे मोजून अपेक्षित गोल काढण्याची रीत घालून दिली. आज प्रमुख सामन्यांच्या पूर्वसंध्येला अकरा खेळाडूंची यादी, त्यांची मांडणी आणि संभाव्य गोलफलक हे तिन्ही एकत्र छापले जातात, त्यांच्या मुळाशी हीच विचारसरणी आहे.

या रीतीची मर्यादा एका साध्या हिशेबाने ध्यानात येते. एका संघाकडून सरासरी दीड आणि दुसऱ्याकडून सरासरी एक पूर्णांक दोन दशांश गोल अपेक्षित आहेत असे धरले, तर सर्वांत संभाव्य गोलफलक १–१ हा निघतो. पण त्याची संभाव्यता शेकडा १२ इतकीच येते. म्हणजे सर्वोत्तम भाकीत करणाराही आठांपैकी सात वेळा चुकणार! गोलफलकाचे भाकीत खरे ठरले म्हणून एखाद्याला द्रष्टा मानणे आणि खोटे ठरले म्हणून त्याची टर उडवणे, दोन्ही सारखेच अविचाराचे आहे.

कुस्तीकडे वळताना पहिली अडचण ही की, गावच्या फडात मुळात गुणफलकच नसतो. तांबड्या मातीतली परंपरागत कुस्ती निकाली असते. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की चितपट. ते न घडल्यास कुस्ती बरोबरीत सोडवली जाते. अलीकडे बऱ्याच फडांत ठराविक वेळेनंतर कुस्ती गुणांवर लावण्याची प्रथा पडली आहे, परंतु जाणत्या प्रेक्षकाला ती मनापासून रुचत नाही. गुणावर मिळालेल्या विजयाला टाळ्या पडतात, फेटा मात्र हवेत उडत नाही.

असे असले तरी या फडातही भाकीत असते, आणि ते कुस्ती सुरू होण्यापूर्वीच केलेले असते. त्याचे नाव 'जोड'. जत्रेच्या आधी भिंतीभिंतींवर लागणाऱ्या पत्रकात पहिल्या क्रमांकाची, दुसऱ्या क्रमांकाची अशा प्रमुख कुस्त्यांच्या जोडी छापलेल्या असतात. प्रत्येक मल्लाचे नाव, त्याची तालीम, बहुधा त्याच्या वस्तादाचे नाव आणि कुस्तीवर लावलेले इनाम असा तो मजकूर असतो. फुटबॉलच्या सामन्यापूर्वीच्या यादीचे हे आपल्याकडील रूप म्हणता येईल. लहान मुलांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांना मात्र पत्रकात जागा नसते. तेथे जोड आखाड्यातच, डोळ्यांच्या अंदाजाने, दोन पोरांना पाठीला पाठ लावून जमवली जाते.

जोड लावणाऱ्या पंचाचे काम वरवर पाहता सोपे वाटते. वस्तुतः ते अत्यंत नाजूक आहे. उंची आणि वजन ही तर कोणालाही दिसतात. पण मानेची जाडी, मोडलेला कान, चालताना पायाचा टाच टेकण्याचा ढंग, मांडीवर थाप मारून आत येतानाचा उत्साह, आणि यांहूनही महत्त्वाचे म्हणजे तो गेल्या आठवड्यात कोणत्या गावी लढला व कितीदा लढला, हे सारे त्याला नजरेखाली घालावे लागते. हंगामात मल्ल एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत फिरत असतो. कालची कुस्ती पाऊण तास चालली असेल तर आजचा पट त्याला तितक्या चपळाईने काढता येणार नाही. ही गोष्ट पत्रकात छापलेली नसते. ती पंचाच्या डोक्यात असते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. फुटबॉलचा भाष्यकार निकाल आधी सांगता यावा म्हणून अंदाज बांधतो. जोड लावणारा पंच निकाल कोणालाही सांगता येऊ नये म्हणून अंदाज बांधतो. दोघांजवळची सामग्री एकच, पण हेतू परस्परविरुद्ध. ज्या जोडीविषयी फडातली निम्मी माणसे एका बाजूने आणि निम्मी दुसऱ्या बाजूने बोलतात, ती जोड उत्तम. आणि हे साधले नाही तर त्याचे मोल पंचाला नव्हे, मल्लाला मोजावे लागते. हलक्या पोराला भारी गड्यापुढे उभे केले तर ढाक किंवा कलाजंगासारख्या उचलीच्या डावात मानेला इजा होण्याचे भय असते, आणि एका हंगामाची दुखापत म्हणजे त्या घरातल्या दूध, तूप, बदाम आणि थंडाईवर झालेल्या वर्षाच्या खर्चावर पाणी. उलट, दोघेही अगदी तुल्यबळ आणि दोघेही सावध असे निघाले तर ते एकमेकांच्या मनगटांशी खेळत राहतात, सूर्य मावळतीला जातो आणि अखेर पंच हात वर करून कुस्ती सोडवतो. जोड चुकली की काय होते, हे प्रेक्षकांच्या कुरकुरीवरून लगेच कळते.

इनामाच्या रकमेवरून भाकीत करणारे लोकही पुष्कळ आढळतात. त्यांची समजूत अशी की, इनाम मोठे तेथे कुस्ती चुरशीची. हे खरे नाही. इनाम मल्लांच्या नावावर ठरते. नाव मागच्या दोन-तीन वर्षांच्या कर्तबगारीवर ठरते. आणि कुस्ती मात्र आजच्या अंगावर होते. कालव्याखालच्या गावाची वर्गणी जिरायती गावाहून अधिक जमते, एवढ्यानेही इनाम वाढते. तेव्हा पत्रकातील आकड्याला भाकिताचा आधार मानताना तो आकडा मल्लाविषयी बोलतो की गावाच्या उसाविषयी, हे आधी विचारावे.

महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनात चित्र बदलते. तेथे जोड पंचाच्या नजरेने लागत नाही. ती चिठ्ठ्यांनी लागते. खुल्या गटातील, म्हणजे ८६ ते १२५ किलो वजनाचे मल्ल माती आणि गादी अशा दोन विभागांत लढतात. मातीचा विजेता आणि गादीचा विजेता यांची अखेरची गाठ पडते आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा येते. येथे गुणफलक असतो. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवल्यास दोन गुण, त्याची पाठ जमिनीकडे वळवून धोक्यात आणल्यास दोन, उभ्यावरून थेट धोक्याच्या स्थितीत फेकल्यास चार, फार उंचावरून आणलेल्या फेकीस पाच, वर्तुळाबाहेर रेटल्यास एक, खालून सुटून वर आल्यास एक. तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तेथेच थांबते. बरोबरी मात्र नाहीच. गुण सारखे झाले तर मोठ्या गुणाचा डाव कोणाचा, ताकीद कोणाला कमी आणि शेवटचा गुण कोणाचा, या क्रमाने निकाल लावला जातो. फुटबॉलच्या भाकितात 'बरोबरी' हा जो तिसरा आसरा असतो, तो येथे उपलब्ध नाही.

हे नियम आहेत २०१३ नंतरचे. इंदापूर आणि बारामती येथील कुस्त्या झाल्या त्या काळी आंतरराष्ट्रीय नियम निराळे होते. त्यांनुसार दोन दोन मिनिटांचे तीन डाव असत व त्यांपैकी दोन जिंकणारा विजयी होई. एखाद्या डावात दोघांनाही गुण मिळाला नाही तर पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढीत, आणि ज्याचा रंग निघे त्याला दुसऱ्याचा पाय धरून कुस्ती सुरू करण्याची मुभा मिळे. निकालाचा भार अशा रीतीने शब्दशः नशिबाच्या चेंडूवर टाकणारी ती पद्धत लोकांना पटली नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिम्पिकच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला २०२० च्या कार्यक्रमातून वगळण्याची शिफारस केली, त्यानंतर घाईघाईने नियम बदलले गेले आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती परत घेतली गेली. या इतिहासाचा भाकिताशी संबंध असा की, २०१३ पूर्वीचे गुणफलक आणि नंतरचे गुणफलक यांची एकत्र सरासरी काढणे म्हणजे शेराने आणि किलोने मोजलेले धान्य एका पोत्यात ओतणे होय. चाऊस आणि बुचडे यांचे विजय म्हणून पुढील हिशेबाच्या बाहेर ठेवणे भाग आहे.

नव्या नियमांखालील २०१७ पासूनच्या सात अंतिम कुस्त्या येथे विचारात घेतल्या आहेत. २०१७ साली भूगाव येथे अभिजित कटके यांनी किरण भगत यांना १०–७ असे हरविले. २०१८ साली जालना येथे बाला रफिक शेख यांनी त्याच कटके यांच्यावर ११–३ असा विजय मिळविला. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडी येथे हर्षवर्धन सदगीर यांनी शैलेश शेळके यांना ३–२ ने, तर २०२२ साली सातारा येथे पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांना ५–४ ने नमविले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूड येथे शिवराज राक्षे यांनी महेंद्र गायकवाड यांना एका मिनिटाच्या आत चितपट केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगाव येथे सिकंदर शेख यांनी राक्षे यांना अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखविले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ यांनी गायकवाड यांच्याविरुद्ध २–१ असा किताब मिळविला. (२०२३ साली धाराशिव येथे व २०२५ साली कर्जत येथे याच नावाने दुसऱ्या स्पर्धा भरल्या, त्या या गणतीत धरलेल्या नाहीत.)

या सात ओळींतून भाकितासाठी काय मिळते?

पहिली गोष्ट विभागाची. सातांपैकी पाच विजेते गादी विभागातून आलेले आहेत : कटके, सदगीर, पाटील, राक्षे आणि मोहोळ. मातीतून आलेले दोन : बाला रफिक शेख आणि सिकंदर शेख. यावरून 'गादीचा मल्ल भारी' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, व तो बोलून दाखविणारे पुष्कळ आहेत. परंतु दोन्ही विभाग अगदी समसमान आहेत असे मानून नाणे सात वेळा उडवले, तरी पाच किंवा त्याहून अधिक वेळा एका ठराविक बाजूने पडण्याची संभाव्यता १२८ पैकी २९, म्हणजे शेकडा जवळजवळ २३ भरते. इतक्या सहजपणे योगायोगाने घडू शकणाऱ्या गोष्टीवर सिद्धांत उभारता येत नाही. लाप्लासच्या जुन्या नियमाप्रमाणे, म्हणजे घडलेल्या पाचांत एक आणि एकंदर सातांत दोन मिळवून, पुढील कुस्ती गादीच्या विजेत्याने जिंकण्याची संभाव्यता दोन तृतीयांश येते. पैज मारण्यास हे पुरेसे वाटेल. पण मातीच्या मल्लाची एक तृतीयांश आशा ही काही थोडीथोडकी नव्हे.

दुसरी गोष्ट गुणफलकाची. सातांपैकी पाच कुस्त्या गुणांवर सुटल्या. त्यांतील दोघांच्या गुणांची बेरीज अनुक्रमे १७, १४, ५, ९ आणि ३ होते; सरासरी ९.६. आता पुढच्या कुस्तीत मिळून नऊ-दहा गुण होतील असे भाकीत या सरासरीवरून केले, तर ते पाचांपैकी एकट्या साताऱ्याच्या कुस्तीस जुळले असते. बाकीच्या चारही एक तर फार वर किंवा फार खाली आहेत. कुस्तीतील गुण थेंबाथेंबाने जमत नाहीत. एक चार गुणांची फेक झाली की फलकाचे रूपच पालटते. मागे पडलेला मल्ल मग धोका पत्करतो, त्याच्या धोक्यातून पुढच्याला आणखी संधी मिळते, आणि बघता बघता फलक फुगतो. याउलट दोघेही आपापला पहिला गुण राखून बसले की तो ३–२ वरच गोठतो. म्हणून कुस्तीच्या गुणफलकाला एक मध्य नसून दोन टोके असतात. फुटबॉलच्या गोलांना लावलेले प्वासाँचे माप येथे बसत नाही, त्याचे कारण हे.

सदगीर आणि शेळके यांची कुस्ती या दृष्टीने फार बोधक आहे. एक नाशिकचा, दुसरा लातूरचा; पण दोघेही पुण्यात काका पवार यांच्या एकाच तालमीत घडलेले. एकाच आखाड्यात रोज एकमेकांशी लढत केलेल्या मल्लांना परस्परांचे डाव आणि त्यांचे तोड तोंडपाठ असतात. समोरचा पट काढण्यापूर्वी कोणता खांदा झुकवतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याविरुद्ध तो पट सहसा लागत नाही. कुस्ती थोड्या गुणांची होईल असे भाकीत त्या दिवशी करणारा तर्काला धरून बोलला असता, आणि तो खराही ठरला असता. जिंकणारा कोण, हे मात्र त्यालाही सांगता आले नसते. निकाल लागल्यावर सदगीर यांनी शेळके यांना खांद्यावर उचलून घेतले, ते दृश्य अनेकांच्या स्मरणात असेल. मल्लांची नावे व त्यांचे पूर्वीचे निकाल यांपेक्षा त्यांची तालीम कोणती, ही एक बाब कधी कधी अधिक सांगून जाते ती अशी.

तिसरी गोष्ट सर्वांत अडचणीची. राक्षे यांनी जानेवारीत गायकवाड यांना एका मिनिटाच्या आत पाडले. नोव्हेंबरात त्याहूनही कमी वेळात ते स्वतः पडले. आणि त्यानंतर काही दिवसांतच धाराशिवच्या स्पर्धेत सदगीर यांना हरवून ते विजयी झाले. 'मागील कुस्तीवरून पुढील कुस्ती' या नियमाने चालणाऱ्याची येथे पुरती फजिती होते. वास्तविक यात मल्लाच्या ताकदीत काही चढउतार झाला असे समजण्याचे कारण नाही. चितपट हा क्षणाचा खेळ आहे. झोळीसारखा डाव अचूक बसला तर समोर कोण आहे हे तो पाहत नाही. बुद्धिबळातील खेळाडूंसाठी आर्पाद एलो यांनी बसविलेली गुणांकनाची पद्धत आता अनेक खेळांना लावली जाते. पण त्या पद्धतीला शेकडो डावांचे निकाल लागतात. वर्षाकाठी आपसात एखाद-दुसरी कुस्ती करणाऱ्या मल्लांच्या बाबतीत ते कोठून आणावयाचे?

या मर्यादा मान्य करूनही, कोणी आग्रहच धरला तर पुढील अंतिम कुस्तीविषयी काही विधान करता येते. सात कुस्त्यांपैकी दोन चितपट, तीन एका गुणाच्या फरकाच्या आणि दोन मोठ्या फरकाच्या. प्रत्येक प्रकारात एकेक मिळवून पाहता चितपटीची संभाव्यता दहांत तीन, एका गुणाच्या निकालाची दहांत चार आणि मोठ्या फरकाची दहांत तीन येते. तेव्हा सर्वांत संभाव्य भाकीत असे : गादीचा मल्ल, एका गुणाने, आणि आकडा हवाच असल्यास ३–२. हे भाकीत तिन्ही अंगांनी खरे ठरेल अशी आशा मात्र कोणी बाळगू नये. विजेता आणि फरक ही दोनच अंगे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून गुणली तरी शेकडा सत्तावीसच्या आसपास येतात, आणि त्यांत ३–२ हा विशिष्ट आकडा शिरला की शिल्लक फारच थोडी राहते.

एका गुणाच्या या निकालात काय काय गुंतलेले असते, हे भाकीत करणाऱ्याने विसरू नये. नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ आणि विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ असा तीन तीन वर्षे हा किताब राखला, आणि दोघांनाही राज्य शासनाने पोलीस उपअधीक्षक पदावर घेतले. शेतकऱ्याच्या घरातील एखाद्या मुलाच्या दहा-बारा वर्षांच्या मेहनतीचे, बापाने विकलेल्या जनावरांचे आणि वस्तादाच्या आयुष्याचे मोल वर्तुळाच्या रेषेवर टेकलेल्या एका पावलावरून ठरू शकते. जानेवारी २०२३ मध्ये माती विभागात महेंद्र गायकवाड यांना दिल्या गेलेल्या चार गुणांवरून, आणि २०२५ साली अहिल्यानगर येथे राक्षे यांच्या चितपटीच्या निर्णयावरून, जे प्रचंड वाद माजले त्यांचे मूळ येथेच आहे. दुसऱ्या प्रसंगी तर राक्षे आणि गायकवाड या दोघा मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचांचा निर्णय हा भाकिताच्या हिशेबात न धरता येणारा, पण निकालात हमखास धरावा लागणारा घटक आहे. चावडीवर आदल्या रात्री ज्याचे नाव पक्के झालेले असते, त्याच्याविरुद्ध गेलेला प्रत्येक गुण सकाळी अन्याय भासू लागतो. छापील भाकीत पंचांना नसले तरी प्रेक्षकांना नक्कीच बांधून टाकते.

विश्रांतीचा प्रश्नही असाच दुर्लक्षित. १९५२ साली हेलसिंकी येथे गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले, हे सर्वश्रुत आहे. जपानच्या इशी यांच्याशी झालेल्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या मम्मादबेयोव यांच्यापुढे उभे राहावे लागले व तेथे त्यांची हार झाली, असे सांगितले जाते. इशी यांना सुवर्ण आणि मम्मादबेयोव यांना रौप्य मिळाले. केवळ नावे आणि निकाल जपणाऱ्या नोंदीत ही विश्रांतीची गोष्ट कोठेच दिसत नाही. महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनातही उपांत्य आणि अंतिम कुस्ती यांमध्ये किती वेळ गेला, आणि उपांत्य कुस्ती कोणाची लांबली, हे पाहिल्यावाचून केलेले भाकीत अर्धवट समजावे.

महिलांच्या कुस्तीचा विचार या लेखात केलेला नाही. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ साली सांगली येथे झाली व ती प्रतीक्षा बागडी यांनी जिंकली. हिशेब मांडण्याइतक्या कुस्त्या अद्याप झालेल्या नाहीत.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या बाबतीत अभ्यासाची खरी सामग्री अधिवेशनांच्या फलकांत नसून जत्रांच्या पत्रकांत आहे. एका हंगामात या भागात लागणाऱ्या प्रमुख जोडी सात अंतिम कुस्त्यांहून कितीतरी पटींनी अधिक भरतील. पण पत्रक भिंतीवरून उतरते आणि नाहीसे होते. निकाल लोकांच्या तोंडी राहतो, आणि दोन वर्षांत त्यालाही निराळे रूप येते. या पत्रकांचा संग्रह करून प्रत्येक जोडीपुढे काही मोजक्या बाबी टिपल्या गेल्या तर भाकिताचा हा प्रश्न अंदाजाच्या पातळीवरून वर उचलता येईल : मल्लांचे वय व वजन, तालीम, त्याआधीची कुस्ती किती दिवसांपूर्वी व किती वेळ झाली, माती कोरडी होती की ओल धरलेली, कुस्ती किती मिनिटांत व कोणत्या डावावर सुटली. आणि जी सुटलीच नाही, बरोबरीत सोडवावी लागली, तिचीही नोंद तितक्याच काळजीने व्हावी. कारण जोड लावणाऱ्या पंचाचा अंदाज किती बारीक होता याचा पुरावा नेमक्या त्याच कुस्तीत सापडतो, आणि नेमकी तीच कुस्ती गावात कोणाच्या स्मरणात राहत नाही.